ठोकळ्यांच्या जगांतील पाणथळ

ज्या भूमींत पाणी पुरतें मुरत नाहीं आणि जेथून तें वाहूनही जात नाहीं, तिला आपण दलदल म्हणतों, व म्हणतांना नाक मुरडतों. संकटांत सांपडलेला मनुष्य दलदलींत रुतला, बदनाम झालेला चिखलांत लोळला, अशी आपली नित्याची भाषा. कमळास पंकज म्हणतांना तेवढी चिखलाची आठवण होते. परंतु स्तुति होते ती कमळाची, पंकाची नव्हे. आपल्या पूर्वजांची दृष्टि मात्र इतकी एकांगी नव्हती. चरक व सुश्रुत ह्यांनीं देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानले. थोडें पाणी व विरळ झाडी तो जांगल, विपुल पाणी व दाट झाडी तो आनूप, आणि दोहोंचा समतोल तो साधारण. रोग्याचा विचार करतांना तो कोणत्या देशांतला हेंही वैद्यानें पाहावें, असा त्यांचा दंडक. म्हणजे पाणथळ ही टाकाऊ जागा नसून स्वतःचे गुणधर्म असलेला तो एक स्वतंत्र देश आहे.

आमचा अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) बहुतांशीं जांगल. पश्चिमेस अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला, तर पाथर्डी, कर्जत, जामखेड इकडील मुलास पाणी म्हणजे विहीर, बंधारा आणि वाईट वर्षीं टँकर. अशा मुलास दलदलीची पहिली ओळख हल्लीं कोठें होते? पुस्तकांत क्वचित्, प्रत्यक्षांत त्याहून क्वचित्. ती होते संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर, 'माइनक्राफ्ट' नांवाच्या खेळांत. हें वाचून कांहीं वडील मंडळी कपाळास आठ्या घालतील. ह्या खेळांत जाणारा वेळ व डोळ्यांस होणारा शीण आम्हांसही दिसतो, आणि त्यास मर्यादा घालणें हें घरांतील वडिलांचें कर्तव्यच आहे. परंतु मूल जेथें इतकें रमतें तेथें तें काय पाहतें, हें पाहण्याची तसदी तरी आपण घ्यावी.

हा खेळ स्वीडन देशांत निर्माण झाला. २००९ सालीं तो प्रथम लोकांपुढें आला, २०११ सालीं त्याची पूर्ण आवृत्ति निघाली, व २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टनें तो मोजांग कंपनीसह विकत घेतला. २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. त्यांतील सारें जग ठोकळ्यांचें: माती, दगड, झाड, सर्व कांहीं चौकोनी. ठोकळा काढावा, दुसरीकडे लावावा, त्यांतून घर, पूल, किल्ला उभा करावा. ह्या जगांत वाळवंट आहे, हिमप्रदेश आहे, अरण्य आहे. आणि दलदलही आहे.

ती दलदल रचणाऱ्यांनीं निरीक्षणांत कुचराई केलेली नाहीं. तेथें गवताचा रंग मळकट होतो, पाणी गढूळ हिरवट दिसतें, झाडांवरून वेली लोंबतात, पाण्यावर कुमुदिनीचीं पानें तरंगतात व तळाशीं चिकणमाती सांपडते. एक निळें फूल तर दलदलीवांचून अन्यत्र उगवतच नाहीं. रात्रीं तेथें चिकट, उड्या मारणारे गोळे फिरतात. ते पौर्णिमेस सर्वांत अधिक व अमावास्येस मुळींच नसतात. घरांतल्या पंचांगाकडे कधीं न फिरकणारा मुलगा त्या जगांतील चंद्राची कला मात्र नेमानें पाहतो! पाण्यांत खांब रोवून बांधलेली चेटकिणीची झोंपडीही तेथें आहे, व तिच्या सोबतीस काळें मांजर. म्हणजे दलदलीविषयींचें मनुष्याचें जुनें भय खेळ रचणारांसही सुटलेलें नाहीं.

२०२२ सालीं ह्या दलदलींत बेडूक आले, आणि तिच्या जोडीला खारफुटीची दुसरी दलदल आली. बेडकी पाण्यावर अंडीं घालते, त्यांतून भैरे निघतात, व भैरा ज्या हवामानांत वाढेल त्याप्रमाणें बेडकाचा रंग ठरतो: थंड प्रदेशांत हिरवा, समशीतोष्णांत नारिंगी, उष्ण प्रदेशांत पांढुरका. निसर्गांत हें इतकें सोपें नाहीं. तथापि प्राण्यावर देशाचा संस्कार होतो, हें सूत्र खोटें नव्हे. ह्या बेडकांना काजवे खावयास द्यावे असा रचणारांचा पहिला बेत होता. पुढें कांहीं जातींचे काजवे बेडकांस विषारी असतात असें कळल्यावर त्यांनीं तो बेत सोडून दिला. करमणुकीच्या धंद्यांतही सत्याची एवढी चाड राखली जाते, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

आम्हांस विशेष कौतुक वाटलें तें चिखलाचें. मातीवर पाणी ओतलें कीं चिखल होतो. चिखलांत गहूं मिसळला कीं घट्ट गारा होतो, आणि गाऱ्याच्या विटा होतात. आपल्याकडे मातीचीं घरें बांधतांना मळलेल्या मातींत भुसा व काड घालण्याची रीत होती. ती जुन्या वाड्यांत वाढलेल्यांस निराळी सांगावयास नको. शिवाय चिखलाच्या ठोकळ्याखालीं एक ठोकळा ठेवून त्यास दगडी सुळका टांगला, तर चिखलांतील पाणी थेंब थेंब गळून जातें व चिकणमाती उरते. पाण्यास खालून वाट दिली तरच चिखल आटतो, हा धडा येथें मुलाच्या हातांत येतो.

आणि ह्याच धड्याचें मोल आमच्या जिल्ह्यानें फार महाग दिलें आहे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरेच्या कालव्यांनीं उजाड माळ हिरवे झाले, ऊंस डोलूं लागला. हें उपकार मोठे. परंतु काळ्या जमिनीस पाणी अतोनात मिळालें व त्याच्या निचऱ्याची सोय झाली नाहीं, तेथें खालचें पाणी वर चढलें, त्यासवें क्षार वर आले, आणि चांगली जमीन खारवट व चोपण होऊन बसली. पुढें चर खोदून व जमिनीखालून सच्छिद्र नळ घालून ती सुधारावी लागली. तेव्हां दलदल दोन प्रकारची: निसर्गानें आपल्या हिशेबानें राखलेली, आणि मनुष्यानें हिशेब चुकवून केलेली. दोहोंस एकच नांव देऊन एकच तिरस्कार करणें हें अज्ञान होय.

खेळांतील दलदलींत शिरलेला मुलगा बहुधा पहिलें काम करतो तें डबकीं बुजवून जागा सपाट करण्याचें. आमच्या नातवानेंही तेंच केलें. दुसऱ्या दिवशीं तो म्हणाला, "आजोबा, बेडकीला अंडीं घालायला पाणीच राहिलं नाही." त्यानें मग घर पाडलें नाहीं, तें खांबांवर उचलून घेतलें व खालीं पुन्हां पाणी सोडलें. खेळांत ठोकळा परत काढतां येतो. आपल्या गांवोगांव भूखंड पाडण्यासाठीं बुजविलेलीं तळीं व ओढे असे परत निघत नाहींत. ते पहिल्या मोठ्या पावसांत आपली जुनी जागा शोधीत लोकांच्या घरांत शिरतात.

खेळाच्या दलदलींत एक मोठी उणीव आहे: तिला ऋतु नाहीं. ती ना उन्हाळ्यांत आटते, ना श्रावणांत फुगते. ही उणीव घरांतील वडिलांनींच भरून काढावयाची आहे, आणि त्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. पैठणच्या धरणानें झालेला नाथसागर आमच्या नेवासें व शेवगांव तालुक्यांपर्यंत पसरला आहे, व १९८६ पासून तें पक्ष्यांचें अभयारण्य आहे. पाणी ओसरूं लागलें कीं उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात, आणि उथळ कांठावर हिंवाळी पाहुणे उतरतात. संस्कृत काव्यांतील विरही चक्रवाक तो हाच, हें टोक्याच्या प्रवरासंगमापाशीं प्रत्यक्ष दाखवितां आलें, तर त्या मुलास काव्य व पाखरूं दोन्ही एकदम कळतील. तसेंच रोहिणी-मृगाच्या सुमारास भंडारदरा व घाटघर ह्या बाजूस काजव्यांनीं झाडें पेटल्यासारखीं दिसतात. मात्र तेथें मोटारींचे दिवे व हातांतील विजेऱ्या बंद ठेवाव्या. कारण काजव्यांचा प्रकाश हा त्यांचा विवाहसंकेत आहे, आणि आपल्या उजेडानें तो पुसला जातो.

पाणथळ भूमींचें महत्त्व आतां जगानें मान्य केलें आहे. इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं त्यासाठीं राष्ट्रांचा करार झाला. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतील नांदूरमध्यमेश्वर हें त्या यादींत गेलेलें महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ. मागून लोणार व ठाण्याची खाडी हींही गेलीं. भारत सरकारनें २०१७ सालीं पाणथळांच्या रक्षणाचे नियमही केले. परंतु यादींत न आलेलें आपल्या गांवचें तळें कोण राखणार? तें राखावयाचें, तर तें पडीक नव्हे असें वाटणारा मनुष्य आधीं घरांत तयार व्हावयास हवा.

म्हणून आमची सूचना इतकीच. मुलगा दलदलींत खेळत असतां आजीआजोबांपैकीं कोणी तरी अर्धा तास शेजारीं बसावें, आणि हें येथेंच कां उगवतें, तें पाणी कोठें जातें, असें विचारावें. एका वहींत त्यानें खेळांत पाहिलेलें डाव्या पानावर व नाथसागरीं किंवा गांवच्या ओढ्यावर पाहिलेलें उजव्या पानावर लिहावें. डावें पान लौकर भरेल. उजवें भरावयास एक वर्ष लागेल, कारण त्यास सारे ऋतु पाहावे लागतील. आणि तेवढें वर्ष त्याच्यासमवेत ओढ्याकांठीं चालण्याची तयारी आपली पाहिजे.