खोल समुद्रातील मोठ्या माशांची एक दिवसाची सफर : नियम दिल्लीचे, पाणी बेटांचे, कसोटी सुटकेची

नवी दिल्ली : समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या दिल्लीचा खोल समुद्रातील मासेमारीशी दुहेरी संबंध आहे. देशाच्या किनाऱ्यापलीकडील पाण्यात कोणी, कशी आणि किती मासेमारी करायची, याचे केंद्रीय नियम येथे ठरतात. दुसरीकडे, गळ आणि रीळ घेऊन अंदमान किंवा लक्षद्वीपला जाणारे हौशी पर्यटकही येथूनच विमानात बसतात. केंद्र सरकारने 4 नोव्हेंबर 2025 रोजी अनन्य आर्थिक क्षेत्रातील शाश्वत मासेमारीचे नियम अधिसूचित केल्यानंतर या दोन्ही बेटसमूहांभोवतालच्या पाण्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले आहे. त्या नियमांचा रोख व्यावसायिक मासेमारीवर असला, तरी त्याच पाण्यात हौसेखातर मासे पकडणाऱ्यांच्या जबाबदारीचा प्रश्नही त्यानिमित्ताने पुढे येतो.

सफर म्हणजे नेमके काय?

या प्रकारात पर्यटक संपूर्ण नौका दिवसभरासाठी भाड्याने घेतात. भाडे सहसा माणशी नसून नौकेचे असते आणि त्यात इंधनाचा वाटा मोठा असतो. पहाटे निघालेली नौका सूर्यास्तापूर्वी परतते. नौकेवर तांडेल, एक-दोन खलाशी आणि मोजके पर्यटक असतात. लक्ष्य असते ते सेलफिश, मार्लिन, पिवळ्या पराचा कुप्पा (कोकणात गेदर), वाहू आणि जायंट ट्रेव्हली अशा बलाढ्य, वेगवान माशांचे. यांपैकी मार्लिनची ओळख मराठी वाचकांना पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने केलेल्या हेमिंग्वेच्या कादंबरीच्या अनुवादातून झालेली आहे.

मासेमारीच्या पद्धती मुख्यतः तीन. चालत्या नौकेमागे आमिष ओढत नेणे म्हणजे ट्रोलिंग. समुद्राचा तळ खरवडून काढणाऱ्या ट्रॉलिंगशी याचा काहीही संबंध नाही. नावातील साम्यामुळे मात्र अनेकदा गल्लत होते. पृष्ठभागावर आवाज करणारे लाकडी वा प्लॅस्टिकचे आमिष फेकून खेचणे ही दुसरी पद्धत, तर धातूचे जड आमिष खोलवर सोडून झटक्यांनी वर आणणे ही तिसरी.

मासा गळाला लागल्यावर खरी झुंज सुरू होते. मोठ्या माशाला ओढून आणता येत नाही, त्याला दमवावे लागते. त्यासाठी रिळावरील ब्रेक दोराच्या ताकदीच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ताणावर लावतात. 37 किलो वजन पेलणारा दोर असेल, तर मासा सुमारे नऊ ते बारा किलोंचा जोर लावताच दोर सुटू लागतो आणि तुटण्यापासून वाचतो.

मुंबईहून अशी सफर का निघत नाही?

देशाच्या आर्थिक राजधानीसमोर एवढा समुद्र असताना बेटांवर कशाला जावे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर समुद्राच्या तळात दडलेले आहे. किनाऱ्यापासून हळूहळू खोल होत जाणाऱ्या समुद्रतळाच्या पट्ट्याला भूखंडमंच म्हणतात. मुंबईसमोर हा मंच सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर आहे, तरीही तेथील खोली अवघी 75 मीटरच्या आसपास भरते. ताशी 20 सागरी मैल म्हणजे सुमारे 37 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या नौकेला केवळ तेथवर पोहोचायलाच चार तासांहून अधिक वेळ लागेल. जाण्यायेण्यातच दिवस संपेल आणि खोल पाणी त्याहीपुढे राहील.

कोकणातील आंग्रिया बँक हे कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे पाण्याखालील पठारही विजयदुर्गच्या पश्चिमेला 100 किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. कोकण किनाऱ्यालगत सुरमई विपुल मिळते आणि कधीमधी सेलफिशही जाळ्यात येतो. परंतु मार्लिन आणि मोठा कुप्पा यांचे खरे घर खोल, स्वच्छ पाण्यात आहे.

लक्षद्वीपची स्थिती नेमकी उलट आहे. ही प्रवाळबेटे खोल समुद्रातून उभ्या राहिलेल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर आहेत. प्रवाळभिंत ओलांडली की थोड्याच अंतरावर तळ झपाट्याने खाली जातो. अंदमानातही अनेक ठिकाणी किनाऱ्याजवळच खोल उतार सुरू होतात. प्रवाह अशा उतारांना धडकून खालचे पोषक पाणी वर आणतो. तेथे लहान मासे जमतात आणि त्यांच्यामागे मोठे येतात. त्यामुळे एका दिवसात जाऊन परतता येईल अशी सफर प्रामुख्याने या बेटांवरूनच शक्य होते.

हे पाणी कोणाच्या अखत्यारीत?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे, तर प्रादेशिक समुद्राबाहेरील मासेमारी केंद्राच्या सूचीत येते. प्रादेशिक समुद्राची हद्द किनाऱ्याच्या आधाररेषेपासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर आहे. 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार त्यापुढे 200 सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र पसरते. महाराष्ट्रात पहिल्या पट्ट्यासाठी 1981 चा राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा लागू आहे.

अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हे केंद्रशासित प्रदेश असल्याने तेथील दोन्ही पट्ट्यांची अंतिम सूत्रे केंद्राकडेच आहेत. सरकारी आकडेवारीनुसार देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रापैकी 49 टक्के भाग या दोन बेटसमूहांभोवती आहे. 1 फेब्रुवारी 2025 रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पातही या क्षेत्रातील मत्स्यसंपदेच्या शाश्वत वापरासाठी चौकट आणण्याची घोषणा करताना या बेटांचा खास उल्लेख करण्यात आला होता. नोव्हेंबरमधील नियमांनुसार यांत्रिक आणि मोठ्या मोटर नौकांना ऑनलाइन प्रवेश-परवाना घ्यावा लागतो, तर पारंपरिक आणि लहान मच्छीमारांना त्यातून सूट आहे. एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी, तसेच दोन नौकांनी मिळून केलेले ट्रॉलिंग यांवर बंदी आहे.

पावसाळ्याच्या सुमारास मत्स्यप्रजननासाठी असलेली बंदी हाही महत्त्वाचा भाग आहे. अनन्य आर्थिक क्षेत्रात पश्चिम किनाऱ्यावर आणि लक्षद्वीपमध्ये ही बंदी 1 जून ते 31 जुलै, तर पूर्व किनाऱ्यावर आणि अंदमान-निकोबारमध्ये 15 एप्रिल ते 14 जून अशी असते.

काही ठिकाणे मात्र बाराही महिने वर्ज्य आहेत. अंदमानात वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात मासेमारी करता येत नाही. आदिवासी जमातींसाठी राखीव असलेली बेटे आणि त्यांच्या भोवतालचे पाणीही 1956 च्या संरक्षण नियमावलीखाली प्रतिबंधित आहे. लक्षद्वीपला जाण्यासाठी तर भारतीय पर्यटकांनाही प्रवेश परवाना लागतो.

कोणता मासा पकडायचा नाही?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 समुद्रातही लागू आहे. 2001 मध्ये व्हेल शार्कला या कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. त्यानंतर करवत मासा, काही जातींच्या मुशी व पाकटी आणि जायंट ग्रुपर हा महाकाय हेकरूही संरक्षित यादीत आला. 2022 च्या दुरुस्तीने ही यादी वाढली. ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आहे. गळ मासा निवडत नाही, त्यामुळे संरक्षित जीव चुकून लागल्यास त्याला पाण्याबाहेर न काढता सोडणे आवश्यक ठरते.

या बाबतीत महाराष्ट्राचे उदाहरण बोलके आहे. संरक्षित प्रजाती जाळ्यात अडकल्यास जाळे कापून तिची सुटका करणाऱ्या मच्छीमारांना 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने आणि कांदळवन कक्षाने 2018 मध्ये सुरू केली. पोट ज्यावर चालते ते जाळे मच्छीमार कापतो. हौशी पर्यटकाला केवळ दोर कापायचा असतो.

सोडलेला मासा जगतो का?

मोठ्या माशांच्या सफरींचे सर्वांत मोठे समर्थन 'पकडा आणि सोडा' हे तत्त्व आहे. पण सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. दीर्घ झुंजीत त्याच्या स्नायूंमध्ये लॅक्टिक आम्ल साचते आणि शरीरातील प्राणवायू घटतो. कुप्पा आणि मार्लिन हे सतत पोहत राहिल्यानेच कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवू शकतात. त्यांना डेकवर आडवे ठेवून छायाचित्रे काढली, तर तो अवधी त्यांच्यासाठी गुदमरण्याचा असतो. थकलेल्या माशाला नौकेच्या बाजूला पाण्यातच धरून नौका संथपणे पुढे नेली, तर कल्ल्यांत पाणी खेळते आणि त्याला तरतरी येते.

तळाशी राहणाऱ्या हेकरूसारख्या माशांची अडचण वेगळी. खोल पाण्यातून वेगाने वर आणल्यास दाब कमी होऊन त्यांची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर त्यांना खाली जाता येत नाही. असा मासा पृष्ठभागावर तरंगत राहतो आणि मरतो किंवा मुशीच्या तोंडी पडतो.

गळाचा आकारही निर्णायक असतो. टोक आत वळलेला गोल गळ बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, तर साधा गळ पोटात जाण्याची शक्यता अधिक. उलटा काटा नसलेला गळ पटकन निघतो. पुरेसा मजबूत दोर वापरल्यास झुंज लवकर आटोपते आणि माशाची शक्ती शिल्लक राहते.

या खेळाचे निकषही बदलले आहेत. 1939 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय गेम फिश संघटना जागतिक विक्रमांची नोंद ठेवते. पेरूमधील काबो ब्लांको येथे 4 ऑगस्ट 1953 रोजी पकडलेल्या 1,560 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 707 किलोच्या काळ्या मार्लिनचा विक्रम प्रसिद्ध आहे. अशा वजनाच्या नोंदीसाठी मासा किनाऱ्यावर आणावा लागे. 2011 पासून मात्र संघटनेने लांबी मोजून जिवंत सोडलेल्या माशांसाठी स्वतंत्र विक्रमांची सोय केली. विक्रमासाठी मासा मारण्याची गरज त्यामुळे उरलेली नाही.

बेटांवरील मच्छीमारांचा प्रश्न

लक्षद्वीपमध्ये, विशेषतः मिनिकॉयला, काठी आणि दोराने एकेक कुप्पा पकडण्याची जुनी परंपरा आहे. त्यापासून बनणारा 'मासमीन' हा उकडून, धुरी देऊन वाळवलेला मासा तेथील अर्थकारणाचा आधार आहे. ज्या पाण्यावर हे मच्छीमार जगतात, तेथेच पर्यटकांच्या नौका येतात. स्थानिक तांडेल व खलाशांना काम मिळाले, तर जिवंत सोडलेल्या एका माशातून बेटाला पुन्हापुन्हा उत्पन्न मिळू शकते. तसे न झाल्यास तो केवळ बाहेरून आलेल्यांचा खेळ ठरतो.

नोंदीचा प्रश्नही आहेच. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशातील मासळीच्या उत्पादनाचा अंदाज प्रामुख्याने बंदरांवर उतरलेल्या मासळीवरून काढते. समुद्रातच सोडलेला मासा बंदरावर येत नाही. नौकेने स्वतः नोंद ठेवली तरच तो हिशेबात येऊ शकतो.

निघण्यापूर्वी काय पाहावे?

आरक्षण करताना नौकेची नोंदणी, स्थानिक मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी आणि विमा यांची कागदपत्रे पाहणे हे पहिले काम. प्रत्येकासाठी जीवरक्षक जॅकेट, चालू स्थितीतील व्हीएचएफ संच आणि संकटकाळी संदेश देणारे यंत्र नौकेवर असलेच पाहिजे. व्हीएचएफवरील 16 क्रमांकाची वाहिनी संकटसंदेशांसाठी असते आणि तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 आहे. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे भारतात बेकायदा आहे, ही बाब परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांनाही सांगून ठेवावी.

हवामानाचा अंदाज पाहण्यात हयगय नको. दिल्लीतील मौसम भवनात मुख्यालय असलेला भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे देतो, तर हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र लाटांची उंची आणि मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती विनामूल्य पुरवते. इशारा असताना तांडेलाने नौका न काढण्याचे ठरवले, तर पैसे भरले आहेत म्हणून आग्रह धरणे जिवावर बेतू शकते.

शेवटचा प्रश्न नौकामालकाला थेट विचारावा : मासा कसा सोडता? कोणता गळ वापरता, मासा पाण्याबाहेर किती वेळ ठेवता, संरक्षित जीव लागल्यास काय करता, याची नेमकी उत्तरे देणारा तांडेल निवडावा. मोठ्या माशांसह झळकणारी छायाचित्रे प्रत्येक जाहिरातीत असतात. छायाचित्र काढल्यानंतर त्या माशाचे काय झाले, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.