काट्यावर उपाय, पण अर्धाच!

बाभळीचा काटा आणि सायकल यांचं जुनंच वैर. संध्याकाळी क्लासहून येताना वाटेत पंक्चर झालं, तर लेक घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून मी तिच्या ट्यूबमध्ये पंक्चर सीलंट भरून घेतलं. साध्या सायकलचा व्हॉल्व्ह अख्खा निघतो. तिथून द्रावण आत सोडायचं, हवा भरायची, चाक फिरवायचं. काटा घुसला की द्रावण हवेबरोबर भोकाकडे धावतं आणि तिथेच गोठून बसतं.

पण मैत्रिणींनो, हे बारीक भोकापुरतंच! काचेने ट्यूब फाटली तर उपयोग नाही. रेसिंग सायकलच्या अरुंद टायरमध्ये हवा बऱ्याचदा ८०-१०० पौंड. तिथे गोठण्याआधीच द्रावण बाहेर उडू शकतं. शिवाय लॅटेक्सचं द्रावण काही महिन्यांत सुकतं. तेव्हा सीलंट जरूर भरा, पण लेकीला पंक्चर काढायलाही शिकवा.