इंजिनाखालचं रबर

दिल्लीचा कोपर्निकस मार्ग मराठी माणसाला माहीत असतो तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांच्या तोंडी मात्र याच रस्त्यावरच्या फरीदकोट हाउसचं नाव असतं, आणि ते काही फार प्रेमाने घेतलं जात नाही. तिथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं मुख्य पीठ बसतं. 26 नोव्हेंबर 2014 च्या आदेशाने 15 वर्षांवरच्या गाड्यांना दिल्लीचे रस्ते बंद झाले. 7 एप्रिल 2015 ला डिझेल गाड्यांची मर्यादा 10 वर्षांवर आली. कोर्टकज्जे पुढेही चालूच राहिले.

2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आली. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. आणि मुख्य अट अशी की चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. या अटीचा कस लागतो तो बॉनेटखाली, इंजिन माउंटिंगपाशी. अँबॅसिडरमध्ये कोणी परकं डिझेल इंजिन बसवलं असेल, तर मूळ ब्रॅकेट कापून नवे वेल्ड करावे लागलेले असतात. रंगाने बाकी सगळं झाकतं. वेल्डिंगची ती ओबडधोबड शिवण बोटाला लागतेच.

माउंटिंग म्हणजे दोन लोखंडी पत्रे आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेलं रबर. दिल्लीचे मेकॅनिक त्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात. मोटारीच्या पहिल्या काळात इंजिन सरळ चौकटीला बोल्टने आवळलेलं असे आणि त्याची थरथर बसणाऱ्याच्या हाडांत उतरे. 1931 मध्ये क्रायस्लरने आपल्या प्लिमथमध्ये ‘फ्लोटिंग पॉवर’ आणली: पुढचा आधार उंचावर, मागचा गिअरबॉक्सखाली, दोन्हींत रबर. इंजिनाला ज्या अक्षाभोवती डोलायचंच आहे, त्याच अक्षावर त्याला डोलू द्यायचं, ही त्यामागची युक्ती. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने तिचे हक्क घेतले. याच क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ पुढे कुर्ल्यात जोडल्या जाऊ लागल्या, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. फियाट आणि पद्मिनी त्यानंतरच्या.

रबर किती कडक असावं, याला हिशोब आहे. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा धक्का देतं. आयडलिंगला मिनिटाला 800 फेरे धरले, तर सेकंदाला साधारण 27 धक्के. रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या, या 27 ला दोनच्या वर्गमुळाने भागून येणाऱ्या 19 च्या बरीच खाली असली, तरच ते धक्के चॅसिसपर्यंत कमी पोचतात. रबर वयाने कडक झालं की ही संख्या वर सरकते आणि सिग्नलला उभ्या गाडीचा आरसा, काच, दार सगळं थडथडू लागतं. रबर फार मऊ असेल तर उलटी तऱ्हा: क्लच सोडताना इंजिन हिसका घेतं, गिअर लिव्हर नाचतो, पंखा रेडिएटरला घासायची भीती. म्हणून ‘बसलं’ आणि ‘जमलं’ यांत फार अंतर आहे. भोकं जुळणारं माउंटिंग दहा ठिकाणी मिळेल. त्यातलं कडकपणा आणि उंची दोन्ही जुळणारं शोधावं लागतं.

कोपर्निकस मार्गाच्या टोकाच्या मंडी हाउसहून मेट्रोच्या व्हायोलेट लाइनने काश्मीरी गेट चार स्टेशनांनंतर येतं. सुट्या भागांचा तिथला बाजार जुना. काउंटरवर ‘अँबॅसिडरचं फाउंडेशन द्या’ एवढं म्हणून भागत नाही. मार्क कितवा, पेट्रोल की डिझेल, जुनं इंजिन की 1992 नंतरचं 1800 सीसीचं इसुझू, हे प्रश्न ठरलेले. शहाणा गिऱ्हाईक बोलत बसत नाही, जुनं माउंटिंगच काढून काउंटरवर ठेवतो. डावं-उजवं वेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही. मात्र उंची जुन्यावरून मोजू नये. ते वर्षानुवर्षं इंजिनाखाली दबलेलं असतं. नव्या रबरावर नख दाबून पाहावं, पत्रा आणि रबर यांच्या सांध्यात फट आहे का ते उजेडात धरून पाहावं. चकचकीत डबीवर आणि होलोग्रामवर माझा विश्वास नाही. वीस वर्षं गोदामात पडलेला ‘कंपनी माल’ही कामाचा नाही, कारण रबर डबीतही म्हातारं होतं.

बोल्टांचं प्रकरण त्याहून फसवं. अँबॅसिडरचा वंश इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डचा, तिचं माप इंचात, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत सुतात. फियाटचं मिलिमीटरमध्ये. अडीच सुताचा बोल्ट 7.94 मिलिमीटरचा, त्यामुळे 8 मिलिमीटरचा डोळ्याला हुबेहूब तोच दिसतो. पण आट्यांमधलं अंतर वेगळं. हाताने दोन आटे जातो, मग अडतो. इथे पाना लावून जोर केला की भोकाचे आटे गेलेच म्हणून समजा. बोल्टच्या डोक्यावर खूण पाहावी: मिलिमीटरवाल्यावर 8.8, इंचवाल्यावर तीन रेघा. कोरं डोकं असेल तर तो बोल्ट इंजिनाखाली नको.

बसवतानाची घाईही नडते. ऑइल संपखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिन जेमतेम उचलायचं, एका वेळी एकच माउंटिंग बदलायचं, सगळे बोल्ट ढिले ठेवायचे. जॅक काढून इंजिन थोडा वेळ चालू द्यायचं, ते आपली जागा घेतं, मग आवळायचं. नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. टॅपेट कव्हरमधून ऑइल गळत असेल तर आधी ते थांबवा. साधं रबर ऑइलने फुगून लोळागोळा होतं. आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी परत जोडा. रबर वीज जाऊ देत नाही, पट्टी विसरलात तर स्टार्टरचा सगळा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते.

ज्या गाडीचा भाग बाजारात मिळतच नाही, तिच्यासाठी रबर मोल्डिंगचे छोटे कारखाने आहेत, भोसरीत आहेत तसे दिल्लीच्या वसाहतींतही. तुमचेच जुने पत्रे साफ करून, बाँडिंगचा लेप देऊन, साच्यात नवं रबर तापवून चिकटवतात. कारखानदाराला रबराचा शोअर कडकपणा विचारा; ज्याला तो सांगता येत नाही, त्याला काम देऊ नका. आणि जुनं माउंटिंग कितीही फाटलेलं असलं तरी भंगारवाल्याला घालू नका. त्याचे पत्रे हाती असतील, तरच हे काम होतं.