शेवटची गाडी आणि शेवटचा अंक

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला चिक्की फुकट मिळते आणि पाऊस सक्तीने मिळतो, अशी पुण्याच्या आमच्या नातेवाइकांची समजूत आहे. पहिली गोष्ट खोटी आहे. आणखी एक गोष्ट मात्र त्यांना ठाऊक नाही. लोणावळेकराला नाटकाचा शेवट मिळत नाही!

१९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि आमच्या वडिलांचे नाटकाचे वेड बळावले. कचेरी सुटल्यावर निघणार, म्हणजे बालगंधर्व रंगमंदिरातला रात्री साडेनऊचाच प्रयोग गाठता येणार. पण परतीची शेवटची गाडी काही नाटक संपेपर्यंत थांबत नसे. प्रयोग ऐन रंगात आला की वडील खाकरत, आई पिशवी सावरी, आणि आमची वरात अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडे. ‘एकच प्याला’चा शेवट आम्हाला वडिलांनी गाडीतच सांगितला. देहूरोडच्या आसपास सिंधू गेली आणि तळेगाव येण्याच्या आत सुधाकरही आटोपला.

यंदा आईला ब्याऐंशी पूर्ण झाली. वडील नाहीत, तिचे गुडघेही तिचे राहिले नाहीत. त्याच नाटकाची जाहिरात वाचून ती म्हणाली, “एकदा पडदा पडलेला बघायचाय रे मला.”

ज्यांच्या नावाचे हे रंगमंदिर, त्या नारायणराव राजहंसांना लहानपणी गाणे ऐकून लोकमान्यांनी ‘बालगंधर्व’ म्हटले. गडकऱ्यांची सिंधू रंगभूमीवर प्रथम उभी केली ती त्यांनीच, १९१९ साली. गडकरी त्याआधी महिनाभरच वारले होते. त्यांना तो प्रयोग दिसला नाही. रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. ज्या पावलांनी रंगभूमी गाजवली, ती उतारवयात निकामी झाली होती. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. पुढच्या वर्षी २६ जूनला, म्हणजे त्यांच्याच जन्मदिवशी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. पु. ल. देशपांड्यांनी या वास्तूत जीव ओतला होता. गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन भव्य चित्रे तेथे आहेत, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. वडिलांच्या घाईत ती आम्ही कधी धड पाहिलीच नव्हती.

या खेपेस मी शहाणपणा केला. रात्रीचा नाद सोडून दुपारी साडेबाराचा प्रयोग धरला. दुपारी लोकलगाड्या विरळ असतात, म्हणून सकाळचीच गाडी पकडून शिवाजीनगरला उतरलो. आता तेथून मेट्रोही आहे. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून संभाजी उद्यानाशी उतरावे, लिफ्ट आहे. आईचा भरवसा रिक्षावर. रिक्षावाल्याला मात्र आधीच बजावावे की, जंगली महाराज रस्त्यावर न सोडता आत आणून सोड. तिकिटे काढताना सज्जाचा मोह टाळला. तळमजल्याची आणि मार्गालगतची खुर्ची घेतली. दुखरा पाय मोकळा सोडता येतो आणि कोणी ओलांडून जात नाही. अर्धा तास आधी गेल्यामुळे पायऱ्या सावकाश, कठडा धरून चढता आल्या. मध्यंतरात मात्र गर्दीपुढे आईने हात टेकले आणि तेथला तो प्रसिद्ध बटाटेवडा मला एकट्यालाच खावा लागला. (दोन खाल्ले, हे तिला सांगितलेले नाही.)

ही वास्तू पाडून नवी बांधण्याची कल्पना २०१८ साली पुढे आली, तेव्हा बराच वाद झाला. जुने राहो वा नवे होवो, नकाशा काढणाराने आपल्या आजीला एकदा बरोबर घेऊन तेथे चालून पाहावे, एवढीच माझी सूचना.

शेवटचा अंक सुरू झाला आणि सवयीने माझा हात घड्याळाकडे गेला. आईने तो दाबून धरला. सिंधूच्या मरणाच्या प्रवेशात आजूबाजूला रुमाल निघाले. आई मात्र ताठ बसून एकटक पाहत होती. पडदा पडला. लोक उठले, गेले, दिवे लागले, तरी ती हलेना. मग आम्ही दोघे हळूहळू त्या चित्रांकडे गेलो. स्त्रीवेषातल्या चित्रापुढे ती बराच वेळ उभी राहिली, तेही काठी न टेकता.

परतीच्या गाडीत ती गप्पच होती. देहूरोड आले तशी खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली,

“ह्यांनी बरंच गाळलं होतं की रे!”