तीन फळ्यांवरचं वाशीम

पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी १९९८ साली खुलं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं आणि ठरवलं, आपलं वाशीम स्टेशनही असंच घरात उभारायचं. अकोला-पूर्णा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. नातवाला मीटरगेज दाखवायची कुठे? १:८७ प्रमाणात तिची रुंदी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर! घर लहान, म्हणून तीन सुट्या फळ्या केल्या. डाव्या रुळाला लाल वायर, उजव्याला काळी. तरी दुसऱ्या फळीच्या सांध्यावर चाक आलं, की गाडी बंद. रात्री दोन वाजेपर्यंत मी रूळच घासत बसलो. सकाळी नातू फळीखाली शिरला. ‘‘आजोबा, इथं लाल वायर उजवीकडे आहे!’’ शॉर्ट होत होतं ते त्यामुळे. वायर बदलली. गाडी वाशीमहून सुटली. आता त्याला पूर्णेपर्यंत फळ्या हव्या आहेत.