ट्रकचालकाचे घर कोठे असावे?

औसा हे गाव मालवाहू गाड्यांच्या चालकांना चांगले परिचित आहे. तुळजापूरहून लातूर-नांदेडकडे जाणारा चौपदरी महामार्ग येथून जातो. निलंगा आणि उमरग्याकडचे रस्तेही येथूनच फुटतात. लातूरच्या आडत बाजारातील तूर आणि सोयाबीन, डाळ मिलमधील डाळ हा सारा माल दूरदूरच्या राज्यांत पोहोचवणाऱ्यांत या परिसरातील मुलेही आहेत. आपला मुलगा त्यांपैकी एक असेल, तर घरात एक चर्चा केव्हा ना केव्हा निघालीच असणार: राहायचे कोठे? शेतावरच्या गावात, औशात, की थेट लातुरात?

ही चर्चा बहुधा गाडीपासून सुरू होते. ट्रक उभा करायला जागा कोठे, माल कोठे भरतो, मालकाचे कार्यालय किती लांब, याचा हिशोब आधी होतो. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. लांब पल्ल्याचा चालक महिन्यातल्या मोजक्याच रात्री घरी झोपतो. तीसही रात्री त्या घरात असतात ते आपण, आपली सून आणि नातवंडे. म्हणून मुलगा हजार किलोमीटरवर असतानाही जे घर नीट चालेल, ते घर निवडावे. अमेरिकेतील काही चालक घर सोडून ट्रकच्या केबिनमध्येच राहतात आणि टेक्साससारख्या ज्या राज्यांत राज्याचा आयकर नाही, तेथील पत्ता घेतात. आपल्याकडे तो विचार संभवत नाही, कारण आपल्या चालकाचे घर म्हणजे मुख्यतः त्याचे आई-वडील.

पहिला विचार रुग्णालयाचा करावा. समजा, रात्री दोन वाजता घरातील वृद्धाचे तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले. ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही मेंदूचे सीटी स्कॅन केल्यानंतर. त्यामुळे घरापासून दवाखाना किती जवळ, एवढेच पाहून भागत नाही. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे पाहावे लागते. औशात ग्रामीण रुग्णालय आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मात्र लातुरात, सुमारे वीस किलोमीटरवर. औशातून निघालेले वाहन तेथे अर्ध्या-पाऊण तासात पोहोचते. तालुक्याच्या टोकाच्या वस्तीवरून निघालेल्या माणसाचा तेवढा वेळ मुख्य रस्त्याला लागण्यातच जाऊ शकतो. जागा पाहायला जाल तेव्हा १०८ ची रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ शकेल का, हे डोळ्यांनी पाहा. पावसाळ्यात ती वाट कशी असते, हे शेजाऱ्यांना विचारा.

याचा अर्थ महामार्गाला खेटून घर घ्यावे, असा नव्हे. रस्त्यालगतच्या घरात गाडी दारात उभी राहते, हे खरे. पण रात्रभर हॉर्न आणि धूळ सोसावी लागते. मंदिरात किंवा किराणा दुकानात जाण्यासाठी म्हाताऱ्या माणसाला चौपदरी रस्ता ओलांडावा लागत असेल, तर ते घर कितीही स्वस्त असले तरी नाकारावे. गाडी पेट्रोल पंपावर किंवा मालकाच्या आवारात उभी करून मुलगा दुचाकीने घरी येऊ शकतो.

दुसरा विचार शेजाराचा. याबाबतीत औसा तालुक्याइतका कटू अनुभव फार थोड्यांना असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने याच तालुक्यातील किल्लारी आणि आसपासची गावे उद्ध्वस्त केली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळले. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे भक्कम झाली, रस्ते रुंद आणि सरळ आखले गेले. पण जुन्या गल्लीतला एकमेकांच्या ओट्याला लागून असलेला शेजार विखुरला. पूर्वी अंगणातून हाक मारली की चार माणसे येत. नव्या वसाहतीत त्याच माणसापर्यंत चालत जावे लागे, आणि म्हाताऱ्यांना हे अंतर अधिक जाणवले. ज्या घरातला कर्ता पुरुष पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो, त्या घराने हे ध्यानात घ्यावे. हाकेच्या अंतरावर एक तरी माणूस असे असावे, ज्याच्याकडे घराची दुसरी किल्ली निःशंकपणे ठेवता येईल. चुलत भावाचे घर असेल तर उत्तमच. नसेल तर जुनी ओळख असलेली गल्ली नव्या कॉलनीतल्या मोठ्या फ्लॅटपेक्षा बरी. औशात नाथ संस्थानाच्या चक्रीभजनाला जाणाऱ्या आजोबांना लातूरच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवले, तर त्यांचे चालणे आणि बोलणे दोन्ही कमी होते. त्याचा परिणाम गुडघ्यांवर होतो आणि मनावरही.

किल्लारीने घराच्या बांधणीविषयीही शिकवले. माळवद उन्हाळ्यात थंड असते, म्हणून जुन्या माणसांना ते सोडवत नाही. परंतु त्याचे ओझे कमकुवत भिंतींवर असेल तर त्याखाली झोपणे धोक्याचे. उलट नुसत्या पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेची दुपार वृद्धांना आणि दिवसा झोपणाऱ्या चालकाला असह्य होते. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा म्हाताऱ्या शरीराला घामावाटे स्वतःला थंड राखणे जड जाते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अंगातील पाणी आणखी कमी होते. योग्य रीतीने बांधलेले तळमजल्याचे पक्के घर आणि छतावर पांढरा चुना, हा यातला व्यवहार्य मध्यममार्ग.

दिवसाच्या झोपेविषयी थोडे अधिक सांगायला हवे. रात्रभर गाडी चालवून आलेला मुलगा सकाळी झोपतो, तेव्हा आपल्याला तो आळशी वाटू शकतो. प्रत्यक्षात दिवसाची झोप उजेड आणि आवाज यांमुळे आखूड आणि उथळ होते, आणि ही उणीव पुढच्या फेरीत स्टिअरिंगवरच्या डुलकीच्या रूपाने वसूल होते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. रस्त्यावर ती कितपत मिळते, हे मुलालाच विचारावे. निदान घरी तरी मागच्या बाजूची, जाड पडद्याची एक खोली त्याच्यासाठी असावी. दूरदर्शन आणि पाहुणे पुढच्या खोलीत. तो घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, तपासणी करून घ्या. व्यावसायिक परवाना पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतो. त्यावेळच्या वैद्यकीय दाखल्यावर न विसंबता वर्षातून एकदा रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासणे घराजवळच सोयीचे पडावे.

आता लातूरचे आकर्षण. ते नातवंडांच्या शिकवणीचे आहे, आणि 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती पाहता समजण्यासारखे आहे. पुष्कळदा असे होते की सून मुलांसह लातुरात खोली घेते, मुलगा रस्त्यावर असतो आणि आई-वडील गावी एकटे उरतात. एका मिळकतीवर तीन चुली चालतात. असे करावेच लागले, तर मधला मार्ग म्हणून औशाचा विचार करावा. लातूरला रोज ये-जा शक्य असते. पंचाहत्तरी पार केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना आणि महिलांना निम्मे भाडे. रेशनचे धान्यही दुसऱ्या गावच्या दुकानातून अंगठा देऊन उचलता येते, त्यामुळे केवळ कार्डासाठी गावी अडकून पडण्याचे कारण नाही. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते आजारपण येण्याआधी काढून ठेवावे.

घर कोठेही घेतले, तरी एक गोष्ट मुलगा घरी असतानाच बोलून घ्यावी. तो ओडिशातल्या घाटात असेल, फोन लागणार नाही आणि डॉक्टर शस्त्रक्रियेची संमती मागतील. तेव्हा निर्णय कोणाचा? बहुतेक घरांत हा प्रश्न टाळला जातो आणि सुनेवर नंतर दोष येतो. तिला निर्णयाचा अधिकार आहे, हे सर्वांसमक्ष सांगा. बँकेतील काही रक्कम तिला एकटीला काढता येईल असे खाते ठेवा. चालू औषधांची नावे, ॲलर्जी आणि जुने आजार एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्याचे छायाचित्र मुलाच्या मोबाइलमध्येही असू द्या.

आणि शेत किंवा जुने घर विकून नवे घेण्याची घाई करू नका. आधी एक उन्हाळा भाड्याने राहून पाहा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपल्या स्मरणात असेलच. नळाला किती दिवसांनी पाणी येते, टँकर गल्लीत शिरतो का, वरच्या टाकीपर्यंत पाणी कोण चढवणार, हे मे महिन्यातच कळते. रात्री वीज गेली की स्वच्छतागृहापर्यंत भिंतीला धरून जाता येते का, हेही त्याच मुक्कामात तपासा. आणि मुलाच्या दोन फेऱ्या तरी पुऱ्या होऊ द्या, म्हणजे तो परतल्यावर त्या खोलीत त्याला झोप लागते की नाही, हे त्याच्याच तोंडून कळेल.