वेटोळ्याची नळी आणि रंगाचा लॉट

कापडाच्या दुकानात बसणाऱ्याला ही तक्रार नवी नाही. गेल्या खेपेचा मरून आणि या खेपेचा मरून जुळत नाही. कोडोलीत आमच्याकडे गिऱ्हाईक साडी आणि ब्लाउजपीस दोन्ही उजेडात धरते आणि मान हलवते. आम्ही इचलकरंजीला विचारावे, तर तिथला व्यापारी प्रोसेसवाल्याकडे बोट दाखवतो आणि प्रोसेसवाला रंगाच्या डब्याकडे. दोष पाण्याचा, तापमानाचा, सुताचाही असतो. पण कधी कधी डब्यातला रंगच दोन लॉटांत सारखा नसतो.

कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक ॲझो जातीचे आहेत. त्यांच्या पहिल्या पायरीत ॲमाइन, आम्ल आणि सोडियम नायट्राइट ० ते ५ अंश सेल्सिअसला एकत्र आणतात. मोठ्या टाकीत बर्फ टाकून, पंख्याने ढवळून हे काम चालते. टाकीच्या एका कोपऱ्यात मिश्रण कमी झाले की तिथे नको ते पदार्थ तयार होतात आणि छटा बदलते. शिवाय मधला डायाझो पदार्थ तापला तर फुटतो. टाकीभर साठा म्हणजे टाकीभर धोका.

यावर उपाय म्हणजे टाकीऐवजी थंड पाण्यात बुडवलेली बारीक नळी. दोन द्रव एका टोकाने आत, माल दुसऱ्या टोकाने बाहेर. नळीत एका वेळी थोडाच माल असतो. मात्र सरळ नळीत संथ वाहणारा द्रव मध्यभागी सरासरीच्या दुप्पट वेगाने पळतो आणि कडेचा जवळजवळ थांबतो. सरासरी मुक्काम दहा मिनिटांचा असेल तर मधला पाच मिनिटांतच बाहेर! पुन्हा फरक आलाच.

नळीला वेटोळे दिले की मधला वेगवान द्रव बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि भिंतीकडेने परत आत येतो. उलटसुलट फिरणारे दोन भोवरे तयार होतात आणि पंख्याशिवाय ढवळणे होते. या भोवऱ्यांचे गणित डीन या इंग्रज गणितज्ञाने १९२७-२८ मध्ये मांडले. चहा ढवळल्यावर पत्ती कपाच्या मध्यभागी जमते तीही अशाच आडव्या प्रवाहामुळे.

पण एका वेटोळ्यात प्रत्येक भोवरा आपल्याच अर्ध्या भागात फिरत राहतो. म्हणून दिल्ली आय. आय. टी.च्या सक्सेना आणि निगम यांनी १९८४ मध्ये सुचवले की काही वेढ्यांनंतर वेटोळ्याचा अक्षच ९० अंशांत वळवावा. जुने भोवरे मोडतात, नवे दुसऱ्या दिशेने बसतात. आम्हाला तरी ही युक्ती कारागिराच्या डोक्याची वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा वाहत्या रसायनक्रियांवर काम करणारे डॉ. अमोल कुलकर्णी यांना २०२० चा भटनागर पुरस्कार मिळाला.

अडचणीही आहेत. रंगाचा गाळ बसून बारीक नळी तुंबते, पंपाला जास्त जोर लागतो. एकाच टाकीत आज लाल, उद्या पिवळा करणाऱ्या छोट्या कारखानदाराला टाकीच सोयीची पडते.

तोवर दुकानदाराने एका ऑर्डरचा सगळा माल एकाच लॉटचा मागावा आणि लॉट नंबर बिलावर लिहून घ्यावा.